जिला मी नेलं नाही

मित्रांनो, घाबरायचं असेल तर आत्ताच घाबरून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. मी एक जुनी पेटी आहे. धान्याची नाही, कपड्यांची नाही. टेंभुर्णीच्या अलीकडे एका गावात ख्रिस्ती लोकांची चाळीसेक घरं आहेत, त्यांची मी शवपेटी. चर्चच्या सगळ्या मंडळीत मिळून मी एकच. माणूस गेलं की मला बाहेर काढतात, त्याला माझ्यात निजवतात आणि गीतं म्हणत कबरस्तानात नेतात. तिथं त्याला चादरीसकट दोरांवर उचलून खड्ड्यात उतरवतात आणि मी रिकामी परत येते. मग मला चुन्याच्या पाण्यानं धुतात आणि अंगणात उपडी घालून वाळवतात.

"शी, उसनी पेटी!" म्हणून नाक मुरडू नका. प्रभू येशूची कबरसुद्धा उसनीच होती. अरिमथाईच्या योसेफानं ती स्वतःसाठी खोदून घेतली होती, आणि वेळ आली तेव्हा दुसऱ्याला देऊन टाकली. आमचे जुने पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, प्रत्येक दफनाच्या वेळी हे सांगायचे. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटायचा. आता ती गोष्ट आठवली की मी गप्प होते. का, ते सांगण्यासाठीच आज बोलते आहे.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वीचा. जाफराबादच्या बालकिशन सेठनं जुन्या जिनिंगचे दोन सागवानी दरवाजे मंडळीला दिले आणि गावच्या कडूबा सुतारानं त्यांची मला केली. कडूबानं जन्मात अशी वस्तू केली नव्हती. "माप कुणाचं घेऊ?" त्यानं विचारलं. मंडळीचे पंच म्हणाले, सगळ्यात उंच माणसाचं घे, म्हणजे सगळे मावतील. सगळ्यात उंच होता अप्पाराव. तेव्हा तो तिशीतला, पंचांमधला सर्वांत तरुण, अक्षर मोत्यासारखं, म्हणून मंडळीचं वहीखातं त्याच्याकडे. त्याला चिंचेखाली आडवा केला आणि कडूबानं सुतळीनं मापला. "ऊठ आता, न्हाई तर खिळे मारतो," कडूबा म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. अप्पारावही हसला.

मला चर्चच्या मागच्या खोलीत ठेवलं. खोलीला एक दार चर्चमध्ये उघडणारं, आणि मागच्या भिंतीला विटांची जाळी. जाळीतून शेजारच्या पुष्पाबाईचं अंगण दिसतं. पुष्पाबाई ख्रिस्ती नाही, शेतकऱ्याच्या घरची, त्यांच्या देवघरात खंडोबा. तिच्या कोंबड्या जाळीखाली उकरत असतात. मला डोळे दिले असते तर कडूबानं ते त्याच बाजूला दिले असते, इतकी मी त्या अंगणाकडे बघत आले.

आणि त्या अंगणात रोज यायची झुंबरबाई.

झुंबरबाई आमच्या मंडळीतली विधवा. एक मुलगी, दैवशाला. मंडळीतली कोणतीही बाई वारली की तिला न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, पांढरं लुगडं नेसवायचं आणि माझ्यात निजवायचं, हे काम झुंबरबाईचं. तिला कुणी नेमलं नव्हतं. कुणाला धजवत नव्हतं, म्हणून ती करायची. आणि करताना ती मेलेल्या बाईशी बोलायची! "हात सैल सोड माय. आता कुणी भाकर मागत न्हाई तुला. मान इकडं कर. अशी. लई कष्टलीस, आता नीज." मित्रांनो, मी किती हात पाहिले, पण तिच्या हाताइतका ऊबदार हात माझ्या लाकडाला पुन्हा लागला नाही.

आता ती गोष्ट.

एकोणीस-वीस वर्षं झाली असतील. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी होती. खंडोबाला रोडगे आणि वांग्याच्या भरिताचा नैवेद्य दाखवतात तो दिवस. पुष्पाबाईच्या सुनेला नऊ वर्षांनी मुलगा झाला होता, म्हणून तिनं सगळी गल्ली जेवायला बोलावली. झुंबरबाई सकाळपासून तिथंच कांदे चिरत होती. बाळंतपणात सुनेच्या उशाशी सात रात्री जागलेली तीच ना! दुपारी पंगत बसली. पुष्पाबाईनं झुंबरबाईच्या कपाळाला हळदीचा भंडारा लावला आणि ताट पुढं ठेवलं. झुंबरबाई जेवली.

तिच्या शेजारच्या पाटावर अप्पाराव जेवला. त्याच्याही कपाळाला पुष्पाबाईनं भंडारा लावला होता. भरीत त्यानं दोनदा मागून घेतलं. मी जाळीतून पाहत होते. हे मी पाहिलं, मित्रांनो. लक्षात ठेवा, मी पाहिलं.

नाताळ तोंडावर आला होता. त्याच संध्याकाळी जिल्ह्याहून मोठे पाळक प्रभुभोजनासाठी यायचे होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण. एकाच पंगतीत बसलेली माणसं आपण, असं त्यातून म्हणायचं असतं.

अप्पाराव चर्चमध्ये शिरण्याआधी जाळीपाशी थांबला. उपरण्याचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि कपाळ खसाखसा पुसलं. दोनदा पुसलं. झुंबरबाई मात्र तशीच आली, सतरंज्या झटकायला. कपाळ पिवळंधमक.

मोठ्या पाळकांनी पाहिलं, आणि झालं!

बैठक मागच्या खोलीत बसली. खुर्च्या कमी होत्या, म्हणून तिघं पंच माझ्यावरच बसले. अप्पाराव मधोमध, वही मांडीवर. दारात झुंबरबाई उभी. मोठे पाळक म्हणाले, "बाई, मूर्तीला वाहिलेलं अन्न खाल्लंत?"

"खाल्लं."

"मूर्तीला वाहिलेलं आहे हे ठाऊक होतं?"

"व्हतं. पुष्पाबाईनं वाढलं, म्हणून खाल्लं."

"आणखी कुणी होतं का आपल्यातलं?"

माझं लाकूड करकरलं. अप्पारावनं वहीत मान घातली. झुंबरबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्या माझं सांगितलं. दुसऱ्याचं दुसऱ्याला विचारा."

दुसऱ्याला कुणी विचारलं नाही. अप्पाराव खोकला आणि लिहू लागला.

या बाबतीत पौलानं, म्हणजे पहिल्या मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषितानं, काय लिहिलंय, ते मी त्या खोलीत पडल्या पडल्या शंभरदा ऐकलं आहे. तो म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, म्हणून त्या अन्नानं कुणी वाईटही होत नाही आणि चांगलंही. पण तुझ्या खाण्यानं तुझा दुबळा भाऊ अडखळत असेल तर खाऊ नकोस. दोन्ही बाजूंनी बोलतो तो. त्यामुळं ज्याला जी बाजू हवी ती तो उचलतो. पण पौलानंच आणखी एक हकीकत सांगितली आहे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परजातीच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या, लोकांबरोबर आनंदानं जेवायचा. यरुशलेमेहून मोठी माणसं आली, तसा तो हळूच ताटावरून उठला. पौलानं त्याला सर्वांसमोर तोंडावर सुनावलं. आमच्या गावात सुनावणारं कुणी नव्हतं. मी होते, पण पेटीला कसलं तोंड?

ठराव झाला. झुंबरबाईनं उपासनेत उभं राहून "चुकले" म्हणावं. तोवर तिला प्रभुभोजन बंद. आणि मंडळीचा जुना नियम होताच: ज्याला प्रभुभोजन बंद, त्याला पेटी बंद आणि कबरस्तानात जागा बंद.

एक शब्द म्हणायचा होता हो! एकच. दर नाताळाला पाळकसाहेब तिला विनवायचे. ती म्हणायची, "भाकर खाल्ली हे खरं. चुकले हे खोटं. देवाच्या घरात खोटं कसं बोलू?" आणि शेवटच्या सतरंजीवर जाऊन बसायची. भाकरीचं ताट तिच्यापुढून निघून जायचं, ती हात मांडीवर ठेवून बघायची. अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत मंडळीतल्या बाया मरायच्या थोड्याच थांबल्या? तेव्हा बरोबर झुंबरबाईला बोलावणं जायचं. भाकर तिच्या हातात चालत नव्हती, मढं चालत होतं. ती यायची. लुगडं नेसवायची, बोलायची, निजवायची. मला पुसता पुसता एकदा म्हणाली, "तू तर ओळखतेस ना गं मला?" ओळखत होते.

अप्पारावचं नाव ना तिनं दैवशालाला सांगितलं, ना कुणाला. आणि पुष्पाबाईला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ताटामुळं काही घडलं हे तिच्या कानी जाता कामा नये, अशी दैवशालाला शपथच घातली होती.

वैशाखात झुंबरबाई गेली. सकाळी भाकरी थापता थापता. दैवशाला जाफराबादहून जीपनं धावत आली आणि सरळ चर्चच्या दारात उभी राहिली. पाळकसाहेब तेव्हा दवाखान्यात होते. खोलीची किल्ली अप्पारावकडे.

"काका, पेटी द्या."

"पोरी, नियम हाये. माह्या हातात काय हाये?"

किल्ली त्याच्या मुठीत होती. मी दाराच्या फटीतून पाहिली, चकचकत होती.

"तिनं तुमच्या घरच्यांना निजवलं व्हतं हिच्यात," दैवशाला म्हणाली. अप्पारावची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, तिला. "तुमच्या मायलाबी."

अप्पारावनं किल्ली कमरेला खोचली. "वहीत लिहिलेलं हाये," म्हणाला. लिहिलं कुणी होतं?

दैवशाला रडली नाही. पदर खोचला आणि गेली. तासाभरानं मी जाळीतून पाहिलं. पुष्पाबाईच्या घरच्यांनी, कारण न विचारता, बांबूची तिरडी बांधली होती. पुष्पाबाईचा मालक सोमेश्वर पुढं खांद्याला. ते झुंबरबाईला आपल्या शेतात घेऊन गेले आणि बांधावरच्या लिंबाखाली पुरलं. मंडळीतल्या चार बाया लांब उभ्या राहून गुणगुणल्या म्हणे. मी इथं कुलपात. अरिमथाईचा योसेफ मला त्या दिवशी समजला, मित्रांनो. त्यानं आपली जागा दिली होती. सोमेश्वरनं आपली दिली. आणि मी, जिच्यापुढं ती गोष्ट दर वेळी सांगत, ती मी रिकामी पडून होते.

तेव्हापासून मी भारली गेले.

तुम्ही म्हणाल, म्हातारी पेटी, काहीही सांगते. बरं. पण ऐका. त्यानंतर पंधरा दिवसांनी एक म्हातारी वारली. तिला न्हाऊ घालायला कुणीच पुढं होईना. शेवटी घाईघाईत गुंडाळून माझ्यात ठेवली, तर केस मोकळे, एक हात वळलेला. झाकण लावलं आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "हात सैल सोड माय." म्हातारीनं ऐकलं की नाही, देव जाणे. मी ऐकलं. चुन्याचं पाणी टपटपतं तसा आवाज खोलीत यायचा, आणि बादली तर कोरडी असायची.

आणि माझं वजन! पूर्वी कबरस्तानातून परत येताना मला दोघं सहज उचलायचे. आता चौघं लागू लागले. "रिकामी हाये ना रे ही?" एकानं एकदा झाकण उघडून पाहिलं. रिकामीच. कडूबा सुतार तेव्हा थकलेला, त्याला आणून दाखवलं. त्यानं मला ठोकून पाहिलं, वास घेतला. "ओल न्हाई, वाळवी न्हाई," म्हणाला. "लाकूड बराबर हाये. तुमीच बघा काय ठेवलंय हिच्यात." आणि हात धुऊन निघून गेला.

हळूहळू लोकांनी मला वापरणंच सोडलं. पैसेवाले जालन्याहून नवी पॉलिशची पेटी आणू लागले. माझ्यात नाताळचे कागदी तारे, तुटक्या माळा, फाटक्या गीतांच्या वह्या पडल्या. पुष्पाबाईची एक कोंबडी कशी कोण जाणे आत शिरली आणि ताऱ्यांवर अंडी घालून गेली. एवढं एक बरं वाटलं मला त्या सगळ्या वर्षांत.

गेल्या वर्षी चैत्रात, भर दुपारी, कुलूप उघडलं. अप्पाराव आत आला. आता सत्तरीच्या पुढचा, काठी टेकत. दार आतून लावलं. तारे, माळा, वह्या एकेक करून काढल्या, अंगण झाडावं तसं मला आतून झाडलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि धोतर सावरत माझ्यात उतरला. आडवा झाला.

डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, छातीचं काही खरं नाही. म्हणून तो मावतो का ते बघायला आला होता. त्याच्याच मापाची मी! म्हातारपणानं चार बोटं आखूडच झाला होता. तरी त्याला माझ्यात जागा होईना. डावीकडं वळला, उजवीकडं वळला, कोपर आपटलं. घाम फुटला त्याला.

"सरक ना बाई थोडी," तो म्हणाला.

मग त्याचं त्यालाच ऐकू आलं, काय म्हणालो ते. उठून बसायला गेला, तर उठवेना. तसाच पडून रडायला लागला, लहान लेकरासारखा. "म्याबी खाल्लं व्हतं झुंबर. भरीत दोन डाव घेतलं. तू बघितलं व्हतंस. काहून बोलली न्हाईस? बोलली असतीस तर सुटलो असतो. तू बोलली न्हाईस अन् म्या मरून राह्यलो रोज."

मग तो कसाबसा बाहेर आला. माझी कड धरून उभा राहिला, आणि मला म्हणाला, मलाच, "ऐतवारी सांगतो."

रविवार आला. मी दारापाशी कान लावून होते. नवे पाळकसाहेब आहेत, प्रितम, तरुण माणूस. त्यांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? काठी टेकल्याचा आवाज झाला, कुणी उठलं. मग अप्पारावचा आवाज: "पंख्याचं बटन कुठं हाये?" आणि बसला. मला इतका राग आला, की माझा एक खिळा सैल झाला! त्याच्या पुढच्या रविवारी तो आलाच नाही. मरण एकीकडून चालत येत होतं आणि हा माणूस दुसरीकडून घोरपडीसारखा जागेला चिकटून बसला होता. तो तसाच गेला असता तर? खरं जाणणारी मग मी एकटी उरले असते, आणि मला तोंड नाही.

तिसऱ्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट फिरत त्याच्यापुढं आलं, आणि तिथंच ताटाचा आवाज थांबला. त्यानं ताट धरून ठेवलं असावं. "थांबा," तो म्हणाला. "हे म्या एकोणीस वर्षं खोटं खाल्लं." आणि मग सगळं बोलला. पंगत, भंडारा, उपरणं, वही, किल्ली. एक म्हातारा पंच ओरडला, "बस कर की अप्पाराव, झालं गेलं!" अप्पाराव म्हणाला, "तुझं झालं असंल. माझं चालूच हाये."

प्रितम पाळकसाहेबांनी त्या दिवशी प्रभुभोजन पुरं केलं नाही. ताट झाकून ठेवलं. येशू म्हणतो ना, वेदीपाशी देणगी आणलीस आणि भावाचं मन तुझ्यामुळं दुखलंय हे आठवलं, तर देणगी तिथंच ठेव, आधी जा. तेव्हा आधी जायचं ठरलं. दैवशालाला निरोप गेला, ती आली. आणि पाळकसाहेब म्हणाले, पेटी घ्या.

मला उचलायला सहा जण लागले. रिकामीला. अख्खी मंडळी मागं, गावातून, एस्टी थांब्यावरून, शेतात. लोक दुकानांतून उठून विचारत होते, कोण वारलं? काय सांगणार? लिंबाखाली मला ठेवलं. तिथं दगडांची एक रांग, बाकी काही नाही. पाळकसाहेबांनी तिचं नाव मोठ्यानं वाचलं. अप्पाराव गुडघ्यांवर बसायला गेला तो पडलाच. "चुकलो," म्हणाला मातीला.

दैवशालानं माझं झाकण उघडलं, आत पाहिलं, लावलं. "आता कशाला आणली ही?" म्हणाली. "माती झाली तिची."

एवढ्यात बांधावरून पुष्पाबाई आली, कमरेत वाकलेली, एवढी माणसं कशाला जमली म्हणून. कुणीतरी तिला सांगायला गेलं, आणि सांगणाऱ्यानं सगळंच सांगितलं. चंपाषष्ठी, ताट, भंडारा, अकरा वर्षं. पुष्पाबाई ऐकत राहिली. आधी तिला समजेना. मग समजलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "माह्या ताटापायी?"

दैवशाला धावली तिच्याकडे. "न्हाई मावशे, तुझं काही न्हाई."

"माह्या ताटापायी तिला पेटी दिली न्हाई? अन् मला बोलली न्हाई? रोज येत व्हती की गं. रोज बसत व्हती चुलीपाशी." ती दगडांपाशी बसली आणि दगडांनाच विचारू लागली, "काहून बोलली न्हाईस? म्या तुला वाढलंच नसतं. उपाशी ठेवलं असतं, पर वाढलं नसतं."

मित्रांनो, खरं बोललं की सगळं गोड होतं असं तुम्हाला पुस्तकात शिकवतात. अप्पारावनं खरं बोलून आपल्या छातीवरचा दगड काढला, आणि तो जाऊन पडला एका म्हातारीच्या छातीवर, जिचा कसलाच दोष नव्हता. वेळेवर बोललेलं खरं एकाला लागतं. उशिरा बोललेलं कुणाकुणाला लागेल, सांगता येत नाही. तरी बोलावंच लागतं, हेही खरं. हे कसं जुळवायचं ते मला ठाऊक नाही. मी पेटी आहे, पाळक नाही.

अप्पाराव श्रावणात गेला. जाण्याआधी त्यानं पाळकसाहेबांकडून लिहून घेतलं होतं: मला पेटी नको. तिला दिली नाही, ती मला नको. तिरडीवर न्या, आणि कबरस्तानातही नको, वेशीबाहेर कुठंही पुरा. खाली सही, अक्षर अजून मोत्यासारखं.

पंच माझ्या खोलीत जमले. एक म्हणाला, मेलेल्याची इच्छा आहे, मोडू नये. दुसरा म्हणाला, त्यानं दुसऱ्याला जे केलं तेच त्याला मिळतंय, न्यायच आहे. जुना नियमही त्यांना आठवला: इतकी वर्षं खोटं प्रभुभोजन घेतलं, मग पेटी कशी द्यायची? वही उघडली गेली. पुन्हा तेच पान, पुन्हा माझ्यावर बसलेली माणसं. मी मनात म्हटलं, घ्या, पुन्हा सुरू झालं.

दारात दैवशाला उभी होती. जाफराबादहून मातीला आली होती. तिची आई उभी होती तिथंच, त्याच उंबऱ्यावर.

"उठा," ती पंचांना म्हणाली. "पेटीवरून उठा."

ते उठले. तिनं वही मिटवली आणि बाजूला ठेवली. मग पदरानं माझं झाकण पुसलं.

"काकांनी लिहिलं, पर ते काकांच्या मनातलं झालं," ती म्हणाली. "माह्या आईनं कुणालाच न्हाई म्हणलं न्हाई हिच्यात. तिला ठाऊक व्हतं कोण कशी व्हती ते, धुतलंय तिनं समद्या बायांना. तुम्ही एकीला न्हाई म्हणलं. तेवढं बस झालं. आता आणखी कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई."

पाळकसाहेबांनी सरळ माझी एक बाजू धरली. बाकीच्यांनी उरलेल्या बाजू धरल्या.

अप्पारावला मी नेलं. मी हलकी झाले असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण झाले नाही. सहाही जणांचे खांदे भरून आले, वाटेत दोनदा मला टेकवावं लागलं. झुंबरबाई अजून माझ्यात आहे, आणि आता तोही. जागा थोडी कमी पडते दोघांना, पण मावतात. आणि पुष्पाबाई आता चंपाषष्ठीला कुणालाच जेवायला बोलावत नाही. जाळीतून तिचं बंद दार दिसतं मला. ते उघडावं म्हणून दैवशाला दर महिन्याला येऊन तिच्या पायरीवर बसते, आणि कधी कधी संध्याकाळपर्यंत बसून राहते.

मित्रांनो, वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागतात. आम्हाला रंग द्या, तेल द्या, पावसात ठेवू नका. मला यातलं काही नको. उद्या तुम्ही मोठे व्हाल, पंच व्हाल, आणि वही तुमच्या मांडीवर येईल. कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे मला कुणी विचारत नाही, तुम्हाला विचारतील. तेव्हा लिहिण्याआधी आपल्या कपाळाला हात लावून बघा. आणि दारात कुणी मला मागायला आलं, तर तो कोण होता, काय खाल्लं, कुठं बसला, ते विचारत बसू नका. मला बाहेर काढा.